फ्लोरचा गंज आणि आवाजरोधक थर: जुन्या गाडीत काम कोणत्या क्रमाने करावे

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा फ्लोर, म्हणजे पायाखालचा तळपत्रा, दोनदा बदलावा लागला. पहिल्या वेळी एका गॅरेजने गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा रिव्हेटने ठोकला, मधल्या फटीत डांबर ओतले आणि वर फॉइलचा चकचकीत थर चिकटवून गाडी परत दिली. तीन पावसाळ्यांनंतर मॅट उचलले तेव्हा वरचा पत्रा शाबूत होता आणि खालचा चहाच्या चोथ्यासारखा भुगा होऊन दोन पत्र्यांच्या मध्ये ओला साचलेला होता. जुन्या गाड्या बाळगणारे जे ओळखीचे आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडून याच क्रमाने हीच चूक होताना दिसते: पाणी कुठून येते हे न शोधता पत्रा बदलायचा, जुना थर अर्धवट खरवडायचा, आणि फ्लोर पुरता वाळण्याआधी त्यावर नवा थर दाबून बसवायचा. खालील टप्पे त्यामुळे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. मधला एखादा टप्पा पुढे ढकलून चालत नाही.

काम कधी काढावे

नागपुरात या कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. पावसाची ओल तोवर उतरलेली असते, हवा कोरडी असते, आणि पहाटेच्या थंडीत जुने डांबर इतके ठिसूळ होते की ते खरवडण्याचे कष्ट निम्म्याने कमी होतात. एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांच्या आसपास गेला की उन्हातल्या गाडीचा पत्रा हात लावण्याजोगा राहत नाही, मिसळलेला दोन भागांचा प्रायमर डब्यातच घट्ट होऊ लागतो आणि डांबर चिखलासारखे पसरते. जुलै-ऑगस्टमध्ये तर उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पावसाळ्यात गळती लक्षात आली असेल तर मॅट आणि खालचा नमदा, म्हणजे जाड गादीसारखा थर, काढून ठेवावा, फ्लोरच्या छिद्रांची रबरी बुचे काढावीत आणि कापाकापी दिवाळीनंतर हाती घ्यावी.

घरच्या घरी, शनिवार-रविवार धरून, एका बाजूच्या फ्लोरला साधारण महिना लागतो असे धरून चालावे.

1. पत्र्याला हात लावण्याआधी पाण्याची वाट शोधणे

सीट आणि मॅट काढून, फ्लोर पूर्ण कोरडा पुसून, एका माणसाने टॉर्च घेऊन गाडीत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाईपने पाणी सोडावे. पाणी खालून वर सोडत जायचे असते: आधी दारांचा खालचा भाग, मग दाराचे रबर, मग समोरच्या काचेची खालची कड, शेवटी काचेचा वरचा भाग आणि छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे तरी थांबावे. सुरुवातीलाच छतावर बादली ओतली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि ते आत कुठून आले हे कळायला मार्ग राहत नाही.

आपल्याकडे तीन कारणे वारंवार सापडतात. पहिले, समोरच्या काचेखालच्या जाळीत साचलेला कडुनिंबाचा पाला. फाल्गुनात पानगळ होते, पाला कुजून निचऱ्याचे भोक बुजवतो आणि जूनमधले पहिले पाणी थेट पायाशी उतरते. दुसरे, चार महिने एकाच जागी उभी राहिलेली गाडी आणि वर खिडकीत ठिबकणारा कूलर. तिसरे कारण आपण स्वतः असतो: दसऱ्याच्या पूजेआधी गाडी आतूनही धुतली पाहिजे म्हणून पायाशी बादलीभर पाणी ओतले जाते आणि ते नमद्यात शोषले जाऊन डिसेंबरपर्यंत तिथेच राहते.

22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या मधल्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत जे पाणी शिरले, त्यात बुडालेली गाडी असेल तर वरून काहीही दिसत नसले तरी सगळा थर काढावाच. अशा गाडीत गाळ दाराखालच्या पोकळ पेटीत बसलेला असतो आणि तो आतून ओल धरून ठेवतो.

*तपासणी:* गळती सापडून ती बंद केल्यावर पुन्हा एकदा पाईपची चाचणी घ्यावी. फ्लोरवर वर्तमानपत्र पसरून ठेवले तर एक थेंबसुद्धा डाग सोडतो.

2. गाडी रिकामी करणे

बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवून बॅटरी बाहेर काढावी. गाडीला अल्टरनेटर असेल तर त्याचीही जोडणी काढावी. सीट, सीटच्या पट्ट्या, दाराच्या चौकटीवरच्या पट्ट्या आणि गिअरवरचे आवरण काढताना प्रत्येक जागेचा फोटो घ्यावा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी लावून ठेवावेत. अॅम्बेसेडरमध्ये इंची आट्यांचे बोल्ट आहेत आणि पद्मिनीत मिलिमीटरचे. दोन्ही गाड्या एकाच अंगणात असतील तर मिसळामिसळ होऊन आटे खराब होतात, हे मी स्वतः केलेले आहे.

फ्लोरच्या खालून पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी जाते. ज्या भागात वेल्डिंग होणार आहे तिथली पेट्रोलची नळी नुसती बाजूला बांधून भागत नाही, ती काढून टाकीचे तोंड बंद करावे, आणि टाकी जवळ असेल तर टाकीच उतरवावी. ब्रेकची नळी काढली तर सांडलेले ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग उचलते.

*सावधान:* गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. चारही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात, आणि त्या गंजलेल्या फ्लोरखाली न लावता मागे अॅक्सलखाली व पुढे सस्पेन्शनच्या भक्कम भागाखाली लावाव्यात, म्हणजे गाडीचे वजन चाकांवर पडते तसेच राहील आणि बॉडी वाकणार नाही.

3. जुना डांबरी थर आणि नमदा काढणे

डिसेंबरमध्ये सकाळी सात ते नऊ ही वेळ यासाठी ठेवावी. थंड डांबरावर हातोडीने हलके ठोके दिले की ते तडकते आणि बोथट पटाशीने त्याच्या खपल्या निघतात. ऊन वर आले की जो भाग चिवट राहिला असेल त्यावर हीट गन फिरवून, डांबर मऊ झाल्यावर, स्क्रॅपरने उचलावे. उरलेला चिकट थर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावा. पेट्रोलने पुसण्याची जी सवय गॅरेजात आहे ती बंद गाडीत जीवघेणी आहे, आणि गॅसच्या ज्योतीने डांबर जाळून काढणेही तितकेच वाईट: धूर विषारी असतो, पत्रा वाकडा होतो, आणि खालच्या पोकळीत काय पेटले हे वरून दिसत नाही.

*सावधान:* जुन्या काळच्या काही डांबरी पत्रकांत अॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. त्यामुळे हा थर कोरडा घासू नये, ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावू नये. पाण्याचा फवारा मारत खरवडावे, धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क वापरावा, आणि निघालेला माल ओलाच जाड पिशवीत बांधावा.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. जो थर घट्ट चिकटलेला दिसतो तो तसाच ठेवून पुढे जावे असे वाटते, आणि घट्ट दिसणाऱ्या त्याच थराखाली कडेने शिरलेले पाणी पसरलेले असते. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या टाचेखालचा थर सर्वांत घट्ट होता; तो निघाला तेव्हा खाली तळहाताएवढे भोक होते आणि इतकी वर्षे माझी टाच निव्वळ डांबरावर टेकलेली होती.

4. काय ठेवायचे आणि काय कापायचे

थर निघाल्यावर फ्लोर वरून आणि खालून तपासावा. हातोडीच्या टोकाने ठोकत जावे: चांगला पत्रा खणखणतो, गंजाने खाल्लेला पत्रा भद्द वाजतो. संशयाच्या जागी दाभण किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचावा. लोहचुंबक धरल्यावर जिथे तो निसटतो तिथे कोणीतरी पूर्वी पुट्टी, फायबर किंवा एम-सील भरलेले आहे असे समजावे. मग खडूने तीन प्रकारच्या खुणा कराव्यात. वरवरचा गंज, जो घासल्यावर खाली गुळगुळीत धातू देतो, खड्ड्यांचा गंज, ज्यात पत्रा खाल्ला गेला आहे पण आरपार नाही, आणि भोके. पहिला प्रकार घासून भागतो. तिसरा कापावाच लागतो. मधल्या प्रकारात माझे मत असे की दाभण टोचल्यावर पत्रा दबत असेल किंवा जाडी निम्म्यावर आलेली असेल तर दयामाया न दाखवता तो तिसऱ्यात धरावा.

सीट आणि सीट बेल्ट जिथे बोल्टने धरलेले आहेत, जिथे मागचे कमानपाटे बॉडीला टेकतात, आणि जॅक लावण्याच्या जागा, इथे गंज असेल तर हे काम निव्वळ पत्राकाम राहत नाही. अॅम्बेसेडरच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी सळया, आहेत आणि त्यांची मागची टोके फ्लोरखालच्या आडव्या पट्टीत अडकवलेली असतात. बारवर ताण असताना त्या पट्टीच्या आसपास कापू नये. ताण कसा उतरवतात हे ज्याने केलेले आहे त्याच्याच हाती हे काम द्यावे.

ठोकलेला चॅसिस नंबर ज्या पत्र्यावर आहे तो कोणत्याही कारणाने कापू नये. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसिस किंवा बॉडीत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून पत्रा मूळ आकाराचाच ठेवावा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो जपावेत.

5. आधार देणे आणि कापणे

पद्मिनी आणि अॅम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिस नाही. फ्लोर, दाराखालची पेटी आणि छत मिळून गाडीचा सांगाडा होतो. म्हणून कापण्यापूर्वी दार आणि चौकट यांतल्या फटी तीन-चार ठिकाणी मोजून लिहून ठेवाव्यात. मोठा तुकडा किंवा दाराखालची पेटी कापायची असेल तर दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाईप टाक्यांनी (वेल्डिंगच्या सुट्या ठिपक्यांनी) जोडावा. एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही बाजू एकदम उघडल्या आणि नंतर दारे लागेनाशी झाली, तर ती चूक ठोकून सरळ होत नाही.

कापण्याची रेघ गंजाच्या बाहेर, जिथे पत्रा घासल्यावर पांढरा चमकतो तिथून, किमान दोन-तीन सेंटिमीटर पुढे घ्यावी. ग्राइंडरला 1 मिलिमीटरची कटिंग डिस्क लावावी आणि खाली आडवी पट्टी आहे का, हे आधी पाहून घ्यावे, कारण वरचा पत्रा कापताना खालची पट्टीही चिरली जाते आणि ते लक्षातही येत नाही. पट्टीवरचा पत्रा काढायचा असेल तर स्पॉट वेल्डचे ठिपके ड्रिलने सोडवावेत. कापलेल्या भागाचे कोपरे गोल ठेवावेत; टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते.

6. नवा तुकडा आणि वेल्डिंग

आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा, तो जागेवर बसवून दुरुस्त करावा, आणि मगच पत्र्यावर उतरवावा. पत्रा सीआर शीटचा, म्हणजे कोल्ड रोल्डचा घ्यावा. चांगल्या भागाची जाडी व्हर्नियरने मोजून तितकाच गेज मागावा: 20 गेज म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे सुमारे 1.2. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या लोखंडाच्या दुकानात लहान तुकडाही कापून मिळतो, पण व्हर्नियर खिशात नेलेला बरा. डेंटर वाकवायला सोपा म्हणून 22 गेज सुचवतो. तो सुमारे 0.7 मिलिमीटर असतो आणि पायाखाली डब्यासारखा वाजतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा गंजत नाही म्हणून तोच वापरावा, असा सल्ला मिळतो. त्यावरच्या जस्ताचा वेल्डिंगमध्ये धूर होतो आणि तो नाकातोंडात गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

मूळ फ्लोरवर ज्या लांबट उठावाच्या रेषा असतात त्या शोभेच्या नाहीत. त्यांच्यामुळे पत्रा ताठ राहतो आणि कमी थरथरतो. नव्या तुकड्यावर तशा रेषा काढून घ्याव्यात.

वेल्डिंगसाठी मिग यंत्र, ज्याला आपल्याकडे सीओटू वेल्डिंग म्हणतात, तेच योग्य. काडीचे आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्यात भोके पाडते, आणि गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरून फ्लोर पापडासारखा फुगतो. 0.8 मिलिमीटरची तार चालते. त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर आधी यंत्राचा करंट जमवावा. सांध्याच्या दोन्ही अंगांना पाच सेंटिमीटरपर्यंत रंग आणि डांबर, वरून तसेच खालूनही, काढलेले असावे. अर्थची पकड वेल्डिंगच्या अगदी जवळ, त्याच पत्र्याच्या स्वच्छ जागी लावावी.

तुकडा कडेला कड लावून बसवायचा असेल तर अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवावी. आधी चार कोपऱ्यांना टाके, मग समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर टाके, मग मधल्या मधल्या जागा, असे करत साधारण 25 मिलिमीटरवर एक टाका येईल तेव्हा थांबून पत्रा हाताला गार लागू द्यावा. नंतर लहान लहान भाग, एकदा इथे आणि पुढचा तिथे, असे भरावेत. सलग ओढलेली रेघ दिसायला देखणी असते आणि पत्रा हमखास वाकवते. पत्र्यावर पत्रा चढवायचाच असेल तर दोन्ही मिळत्या अंगांना आधी जस्तयुक्त वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येते असा) लावावा आणि नंतर दोन्ही बाजूंनी सांधा सीलरने बंद करावा.

डेंटर इथे हमखास म्हणतो, "भाऊ, जुना राहू द्या, वरून पत्रा मारून देतो, दिसणारच नाही." दिसणार नाही हे त्याचे म्हणणे खरे असते.

*सावधान:* वेल्डिंग चालू असताना अग्निशामक आणि पाण्याची बादली घेऊन एक माणूस गाडीखालच्या बाजूला नजर ठेवून असावा. काम संपल्यावर अर्धा तास कोणीही जागा सोडू नये, कारण पोकळीतले जुने डांबर आधी नुसते धुमसत राहते आणि नंतर पेट घेते.

*तपासणी:* अंधार पडल्यावर खालून टॉर्च फिरवावा. वरून जिथे ठिणगीएवढा उजेड दिसेल तिथे खडूची खूण करून दुसऱ्या दिवशी टाका भरावा. दारांच्या फटी पुन्हा मोजून वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

7. प्रायमर, सीलर, रंग

टाके घासून सपाट करावेत, पण टाक्याशेजारचा मूळ पत्रा पातळ होईपर्यंत घासू नये. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरता येते. ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून पूर्ण वाळवावे, कारण उरलेल्या आम्लावर इपॉक्सी धरत नाही. सुटणाऱ्या खपल्यांवर मात्र कोणतेही द्रावण उपयोगी पडत नाही.

नुसता रेड ऑक्साइड लावून थांबणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण तो ओल आरपार जाऊ देतो. दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, दोन्ही बाजूंनी, द्यावेत. डिसेंबरमध्ये सकाळी गाडीच्या टपावर दव असते आणि तसेच अदृश्य दव पत्र्यावरही असते. म्हणून अकरा ते चार याच वेळात प्रायमर लावावा. त्यावर प्रत्येक सांध्याला पॉलियुरेथेन सीलर भरावा. बाथरूमसाठीचा आंबट वासाचा सिलिकॉन वापरू नये, तो वाळताना अॅसेटिक आम्ल सोडतो आणि त्यावर रंगही बसत नाही. सीलर वाळल्यावर वरून रंग, खालून अंडरबॉडी कोट, आणि सर्वांत शेवटी दाराखालच्या पेटीत मेणाचा फवारा. मेण आधी मारले तर ते वेल्डिंगमध्ये पेटते आणि रंगाखाली गेले तर रंग सुटतो.

निचऱ्याची भोके या सगळ्यात बुजत नाहीत ना, ते काडी घालून पाहावे. नंतर आठवडाभर गाडी दारे उघडी टाकून उन्हात उभी करावी. हा आठवडा वाचवण्याचा मोह होतो. माझ्या मते सगळ्या लेखातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे.

8. आवाजरोधक थर

दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. पत्र्याची थरथर थांबवणारा जड थर वेगळा, आणि रस्त्याचा व इंजिनाचा आवाज व उष्णता अडवणारा फोम वेगळा.

जड थरासाठी अॅल्युमिनियम फॉइलचे ब्युटाइल (चिकट रबराचे) शीट, 2 मिलिमीटर जाडीचे, घ्यावे. गच्ची गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी दिसायला तशीच असते आणि किमतीत बरीच स्वस्त असते. पण सायलेन्सरचा पाईप फ्लोरखालून जातो आणि नागपूरचा मे महिना वरून तापतो, त्यामुळे ती वितळून सरकते आणि बंद गाडीत डांबराचा वास भरतो. दोन्हींत फरक ओळखायचा असेल तर लहान तुकडा मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसभर उभा टांगून पाहावा.

हे शीट सगळा फ्लोर झाकेल असे लावण्याची गरज नसते. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत जावे, जिथे घुमतो तिथे, म्हणजे सपाट भागाच्या मध्यावर, तुकडे लावावेत. पत्र्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर पुष्कळ थांबते. एका चौरस मीटरचे वजन सुमारे 3 किलो होते, हे छोट्या इंजिनाच्या गाडीत लक्षात ठेवावे. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, शीट दुपारी उन्हात मऊ करून घ्यावे, आणि रोलरने मध्यापासून कडेकडे दाबत बसवावे. फॉइलवरची नक्षी सपाट झाली म्हणजे ते नीट बसले. आत हवा राहिली तर तिथे पुढे ओल साचते. सांधे, निचऱ्याची बुचे आणि बोल्टची भोके उघडी ठेवावीत.

त्यावर 6 ते 10 मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा फोम, म्हणजे क्रॉसलिंक किंवा नायट्रिल, अंथरावा. सोफ्याचा फोम स्पंजासारखा पाणी पितो. मूळ रूप जपायचे म्हणून कोणाला गोणपाटाचा नमदाच हवा असेल तर तोही चालेल, पण तो सुटा ठेवावा आणि दर पावसाळ्यानंतर बाहेर उन्हात घालावा. फोमसुद्धा चिकटवू नये. जो थर उचलता येत नाही त्याच्याखाली काय चालले आहे हे पुन्हा भोक पडल्यावरच कळते.

*सावधान:* पेडलच्या खाली आणि मागे जाडी वाढवू नये. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडावा, तो मॅटमध्ये न अडकता परत येतो का, आणि ब्रेक व क्लच शेवटपर्यंत जातात का, हे इंजिन बंद असताना दहा वेळा पाहावे.

9. परत जोडणी आणि पहिला पाऊस

सीटचे बोल्ट फोमवरून आवळू नयेत; बोल्टभोवतीचा फोम कापून सीटची पट्टी थेट पत्र्यावर बसवावी, नाही तर फोम दबत जातो आणि बोल्ट सैल होतात. सीटच्या पट्ट्यांखालच्या मजबुतीच्या जाड पट्ट्या परत बसल्या आहेत ना, ते खालून पाहावे. ब्रेकची नळी काढली असेल तर तिच्यातली हवा काढूनच गाडी हलवावी. पेट्रोलची नळी जोडल्यावर इंजिन पाच मिनिटे चालवून प्रत्येक सांध्याखाली कागद धरावा.

मॅट मात्र लगेच कायमचे बसवू नये. फोमखाली चारही पायांच्या जागी वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवून जूनमधला पहिला जोराचा पाऊस गाडीवर पडू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी कागद काढून पाहावेत. डाग वाळल्यावरही त्याची पिवळी कड राहते आणि ओल कोणत्या कोपऱ्यातून शिरली हे ती दाखवते. तो कोपरा खडूने खुणावून, पाईप आणि टॉर्च घेऊन, पहिल्या टप्प्यापासून त्याच जागी बसावे.